चालक-साहाय्य प्रणालीची दोन कुळे

मोटारीतील चालक-साहाय्य प्रणाली दोन वेगळ्या कुळांतून आली आहे. तिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणावे का, हे तिचा कोणता भाग कोणत्या कुळातला आहे यावर ठरते.

थोरले कुळ नियंत्रकाचे. जेम्स वॉटने 1788 च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर बसवला. वेग वाढला की त्याचे फिरते गोळे बाहेर फेकले जात आणि वाफ कमी होई. त्याच तत्त्वावर राल्फ टीटर या अंध अमेरिकी अभियंत्याने मोटारीचा वेग आवरणारे यंत्र केले. 1950 मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि 1958 मध्ये ते क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत आले. हाच क्रूझ कंट्रोल. 1978 पासूनचे बॉशचे एबीएसही याच घराण्यातले: चाक अडकू लागले की ते ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सोडते आणि धरते. यांतला प्रत्येक नियम माणसाने आधीच घालून दिलेला असतो, यंत्र काहीही शिकत नाही. त्यांना बुद्धिमत्ता म्हणणे चूकच.

धाकटे कुळ दृष्टीचे. 1987 मध्ये एर्न्स्ट डिकमन्स यांची कॅमेरे लावलेली व्हॅन जर्मनीच्या मोकळ्या ऑटोबानवर ताशी 96 किलोमीटर वेगाने आपली आपण धावली. रस्त्याच्या कडा शोधण्याची गणिते तेव्हा माणसेच लिहीत. 2012 नंतर न्यूरल नेटवर्कना हजारो चित्रे दाखवून ओळख शिकवण्याची पद्धत रुळली, आणि ही मात्र निःसंशय कृत्रिम बुद्धिमत्ता आहे.

मग चित्रे कुठली, याला महत्त्व येते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांवरची 10,004 चित्रे 34 गटांत आखून दिली. त्यांत ऑटोरिक्षा आणि जनावर यांना स्वतंत्र गट आहेत, शिवाय कोणत्याच नावात न बसणाऱ्या वाहनांसाठीही एक. उदाहरणार्थ, तमिळनाडूतील कुंभकोणमला सारंगपाणी मंदिराचा लाकडी रथ माणसे दोरांनी ओढतात. तो कॅमेऱ्यासमोर आला तर त्याची जागा याच शेवटच्या गटात.

2021 ची महिंद्रा एक्सयूव्ही 700 किंवा 2023 ची टाटा हॅरियर अशा गाड्यांत दोन्ही कुळे एकत्र नांदतात. कॅमेरा समोरची वस्तू ओळखतो, रडार अंतर आणि जवळ येण्याचा वेग मोजते. अंतर 20 मीटर आणि हा वेग सेकंदाला 10 मीटर असेल, तर धडकेला 2 सेकंद उरतात. हा काळ ठरलेल्या मर्यादेखाली गेला की आधी इशारा, मग ब्रेक. ओळख शिकलेली असते. ब्रेक लावण्यामागे मुख्यतः साधा भागाकार असतो.

एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने 2014 मध्ये ठरवलेल्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच या पातळ्याही बुद्धिमत्ता मोजत नाहीत. गाडी चालवण्यातले कोणते काम यंत्राचे आणि कोणते माणसाचे, एवढेच त्या सांगतात. दुसऱ्या पातळीपर्यंत रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम चालकाचेच असते.