मायकन, जॉर्ज
(१८ जून १९२४–१ जून २००५). श्रेष्ठ अमेरिकन बास्केटबॉलपटू व व्यावसायिक बास्केटबॉलमधील पहिला सर्वांत लोकप्रिय खेळाडू. जन्म इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे. फार उंच माणूस मंद व बोजड असतो, म्हणून तो या खेळास निरुपयोगी ठरतो, असा समज त्या काळी रूढ होता. मायकनची उंची २·०८ मी. असून तो जाड भिंगांचा चष्मा लावून खेळत असे. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याच्याकडून दोरीवरच्या उड्या, मुष्टियुद्ध व नृत्य यांचा सराव करून घेतला. बास्केटच्या दोन्ही बाजूंनी, आळीपाळीने उजव्या व डाव्या हाताने चेंडू टाकण्याचा त्याचा सराव पुढे ‘मायकन ड्रिल’ या नावाने जगभर रूढ झाला.

१९४५ च्या राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेत ऱ्होड आयलंड स्टेट संघाविरुद्ध त्याने एकट्याने ५३ गुण नोंदविले; प्रतिपक्षाच्या संपूर्ण संघाचे गुणही तेवढेच होते. १९४६ मध्ये तो शिकागो अमेरिकन गिअर्स या व्यावसायिक संघात दाखल झाला व १९४७ पासून मिनीॲपोलिस लेकर्सकडून खेळू लागला. १९४७ ते १९५४ या आठ हंगामांत त्याच्या संघांनी सात अजिंक्यपदे मिळविली. १९४९ मध्ये दोन प्रतिस्पर्धी संघटनांच्या एकीकरणातून ‘एनबीए’ ही संघटना उदयास आली. तिच्या आरंभीच्या काळात प्रेक्षक मुख्यतः मायकनच्या नावावर येत. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसने त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू ठरविले.

मायकनला रोखण्याच्या प्रयत्नांतून खेळाचे नियमच बदलले. बास्केटकडे खाली येणारा चेंडू वरच्या वर अडविण्यास महाविद्यालयीन खेळात १९४४ मध्ये बंदी आली. तीस मायकन व बॉब कुर्लंड हे दोन उंच खेळाडू कारणीभूत झाले. १९५१ मध्ये एनबीएने बास्केटखालील मर्यादित क्षेत्राची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट केली. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्स संघाने मायकनच्या हाती चेंडू लागू नये म्हणून तो सतत स्वतःकडेच खेळवत ठेवला व सामना १९–१८ असा जिंकला. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ मायकनचे होते. अशा कंटाळवाण्या खेळास आळा घालण्यासाठी १९५४ मध्ये २४ सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकण्याचा नियम करण्यात आला.

१९५४ मध्ये त्याने निवृत्ती पतकरली. १९५५–५६ च्या हंगामात तो अल्पकाळ पुन्हा खेळला. त्याने वकिली केली. १९५६ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे काँग्रेसची निवडणूक लढविली. तीत तो पराभूत झाला. १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. १९६७ मध्ये तो अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनचा पहिला आयुक्त झाला. लाल, पांढरा व निळा असा तिरंगी चेंडू या संघटनेने त्याच्याच कल्पनेवरून स्वीकारला.

मधुमेहामुळे २००० मध्ये त्याचा एक पाय कापावा लागला. ज्या संघटनेचा पाया त्याच्या खेळावर उभा राहिला, तिच्याकडून १९६५ पूर्वीच्या खेळाडूंना मिळणारे निवृत्तिवेतन मात्र तुटपुंजे होते. ते वाढावे यासाठी तो अखेरपर्यंत झगडला. स्कॉट्सडेल (ॲरिझोना) येथे त्याचे निधन झाले. त्याच्या अंत्यसंस्काराचा खर्च पुढील काळातील विख्यात खेळाडू शकील ओनील याने उचलला. २०२२ मध्ये लेकर्स संघाने त्याचा ९९ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला.