पेटी, तार आणि चिठ्ठी

मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना, 1952 साली, नांदेड-लातूरकडच्या माणसांनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह. अक्षरशत्रू म्हातारीही आपला कागद आपल्या हाताने हव्या त्या पेटीत सोडी.

त्या पेटीची जागा पुढे यंत्राने घेतली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते घडवले. मे 1982 मध्ये केरळातील परवूरला 50 केंद्रांवर त्याचा पहिला प्रयोग झाला. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नामंजूर केला, कारण कायद्यात यंत्राला जागाच नव्हती. मग कायदा बदलला, आणि 2004 च्या लोकसभेला यंत्र देशभर पोचले.

वाचकहो, या यंत्राचा जीव एका टीचभर चिपमध्ये असतो. तिच्यातील आज्ञा कारखान्यात एकदाच लिहितात. त्या पुन्हा बदलता येत नाहीत. पण चिपला ना डोळे ना हात! बाहेरचे जग तिला तारेतूनच कळते. निवडणुकीच्या कामावर आम्हा शिक्षकांना याच तारा जोडाव्या लागतात. मतदार बटण दाबतो, तारेतून संकेत येतो, आणि चिप तो क्रमांक नोंदवते. नव्या यंत्रांत जोडलेला भाग आपल्याच कुळातला आहे का, हे ती आधी पडताळते. परका निघाला तर काम बंद!

हे सारे खरे. पण म्हातारीला दिसणारा कागद मात्र नाहीसा झाला होता. चिपच्या तारेला छपाईयंत्र जोडले, तेव्हा तो परत आला. 2013 साली नागालँडच्या नोकसेनला ते प्रथम वापरले गेले. ऑक्टोबर 2017 मध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेच्या एका प्रभागात त्याचा प्रयोग झाला. चिठ्ठी काचेआड 7 सेकंद दिसते आणि पेटीत पडते. 2019 साली लातूर ग्रामीणमध्ये ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला 27 हजारांवर मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आले. असा नवलाचा आकडा निघाला, तरी निवडक केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून पाहण्याची सोय आता होती.

मात्र छपाईयंत्रात उमेदवारांची चिन्हे बाहेरूनच भरावी लागतात. जोडणी वाढली, तसे एक दारही वाढले. म्हणून एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चिन्हे भरणारे साधनही मोहोरबंद करून निकालानंतर 45 दिवस जपून ठेवा. पेटीच्या काळी कुलूप एका झाकणाला पुरे. आता जिथे जिथे तार जोडली जाते, तिथे तिथे राखण हवी.