घाण्याचा बैल आणि ऊर्जेचा हिशेब

ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाची गोष्ट वाफेच्या इंजिनापासून सुरू करायचा प्रघात आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. हा नियम गोल फिरणाऱ्या जनावराच्या पावलांत सापडला, आणि त्याच कुळातला एक घाणा वर्ध्यात घडला.

म्युनिकच्या तोफखान्यात काउंट रम्फर्डने तोफेच्या धातूचं नळकांडं मुद्दाम बोथट गिरमिटावर घासत फिरवलं. फिरवायला घोडे, भोवती लाकडी पेटीत साडेआठ किलो पाणी. विस्तव नव्हताच, तरी अडीच तासांत पाणी उकळलं. उष्णता हा पदार्थात दडलेला द्रव, अशी तेव्हाची समजूत. पण घोडे चालत राहिले तोवर उष्णता निघतच राहिली. दडलेला साठा असा न संपता कसा निघेल? या प्रयोगावरचा त्याचा निबंध १७९८ साली रॉयल सोसायटीपुढे आला.

पुढचा जर्मन वैद्य रॉबर्ट मायर. १८४० मध्ये तो जहाजावरचा डॉक्टर म्हणून जावाला गेला, तिथे खलाशांच्या शिरांतलं रक्त जास्तच लाल दिसलं, ही गोष्ट सगळे सांगतात. मला मोलाचा वाटतो तो त्याचा कागदाच्या कारखान्यातला दाखला: लगद्याची भली मोठी कढई, ती ढवळायला गोल फिरणारा घोडा, आणि लगद्याचं चढलेलं तापमान. पुन्हा तेच रिंगण!

यावर कुणी जूलचं नाव घेईल. मँचेस्टरच्या जूलने पाण्यात वल्ही फिरवून नेमका आकडा काढला, हे खरंच: १ पौंड पाणी १ अंश फॅरनहाइट तापवायला ७७२ फूट-पौंड काम. पण १८५०च्या निबंधात तो स्वतःच रम्फर्डच्या प्रयोगाकडे वळतो आणि एका घोड्याच्या बळावरून १०३४ हा आकडा काढतो. पेटीची आणि हवेत गेलेली उष्णता त्यात धरलेली नाही. तेवढी सूट दिली तर घोड्याने फारसं चुकवलेलं नाही.

आता वर्धा. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, झवेरभाई पटेलांनी तेलघाणा सुधारला. तो ‘वर्धा घाणा’ म्हणून देशभर गेला. उखळात तीळ किंवा जवस, वर लाट, लाटेला जुंपलेला बैल. अर्ध्या अश्वशक्तीचा बैल तासभर चालला तर त्याच्या श्रमाची उष्णता ४ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला पुरेल. म्हणूनच विस्तव नसतानाही उखळातली पेंड हाताला कोमट लागते. बैलाचे श्रम बी फोडण्यात लागावेत, नुसत्या घर्षणात जाऊ नयेत, हीच घाणा सुधारण्यामागची खटपट, असं मी ठामपणे मानतो. मगनवाडीत जूलचं नाव निघालं असो वा नसो, हिशेब तोच होता.

रम्फर्डने एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली: उष्णताच हवी असेल तर घोड्याचा चारा सरळ जाळावा, जास्त मिळेल. तेल्याला हे पटलं नसतं. चारा जाळून तीळ फुटत नाही. शिवाय तेल निघाल्यावर उरलेली पेंड पुन्हा बैलाच्याच गव्हाणीत जाते. तिच्यात राहिलेलं थोडं तेल दुसऱ्या दिवशी लाट ओढायला कामी येतं.