निपाणीच्या वखारी

निपाणीचे नाव निघताच आपणांस सीमाप्रश्न आठवतो. पण त्या गावाचा श्वास कोंडला होता तो विडीच्या तंबाखूच्या धुळीने. वखारींत ती धूळ दिवसभर छातीत भरून घेणाऱ्या बायकांना प्रा. सुभाष जोशी यांनी संघटित केले. पुढे ते आमदार झाले. मला मात्र त्यांचे हे आधीचे कार्यच मोठे वाटते. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा १९८२ चा माहितीपट त्या स्त्रियांच्याच लढ्याचा.

त्याआधी, १४ मार्च १९८१ रोजी, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकविणारे शेतकरी रास्त भावासाठी पुणे-बंगलोर रस्त्यावर येऊन बसले होते. सुभाष जोशी तेथेही पुढे होते. भोवतालच्या गावांतून भाकऱ्या येत. चोविसाव्या दिवशी, ६ एप्रिलला, पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी मृत्यू पावले.