रस्सा, मराठवाड्यातील
रस्सा, मराठवाड्यातील : मांस किंवा कडधान्य तिखट मसाल्यात मंद आचेवर दीर्घकाळ शिजवून केलेले पातळ कालवण. नांदेड व लातूर जिल्ह्यांत ते मुख्यतः ज्वारीच्या भाकरीबरोबर, भाकरी कुस्करून खातात. हा रस्सा या भूमीचा पुरातन वारसा आहे, अशी सार्वत्रिक समजूत दिसते. त्यातील मंद आच पुरातन आहे हे खरे. परंतु ज्या तिखटामुळे तो ओळखला जातो, ते तिखट मात्र तुलनेने अर्वाचीन होय.

लातूरच्या आग्नेयेस असलेल्या कल्याणी (सध्याचे बसवकल्याण) येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या भोजनातील पदार्थांचे तपशीलवार वर्णन आले आहे. त्यातील विदलपाकात डाळींच्या पिठाला सैंधव, हळद व हिंग यांची जोड आहे. मांसाच्याही अनेक पाककृती त्यात आहेत. मिरची मात्र कोठेही नाही आणि असणे शक्यही नव्हते. ती मूळची अमेरिका खंडातील वनस्पती असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली व तेथून दख्खनमध्ये पसरली. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे मिरे. त्याच शब्दापासून साधलेले नाव या नवागत फळास मिळाले. परका पदार्थ घरच्या नावाने रुळला, की त्याचे परकेपण दोन-चार पिढ्यांत विसरले जाते.

मिरचीचा प्रसार केवळ चवीमुळे झाला असे मानणे पुरेसे नाही. मिरे मलबारकडून येत आणि विकत घ्यावे लागत. मिरची मात्र स्वतःच्या रानात किंवा परसात लावता येई, उन्हात वाळवून वर्षभर ठेवता येई. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाला तिने प्रथमच जवळजवळ विनामूल्य असे तिखट दिले. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात शोभणारी मसालेदार चव शेतमजुराच्या ताटात पोहोचली, ती प्रामुख्याने मिरचीमुळेच.

शिजवण्याच्या पद्धतीचे मर्म चुलीच्या ‘वैला’त आहे. वैल म्हणजे मुख्य चुलीला लागून केलेली दुसरी, लहान चूल. तिच्यात वेगळे सरपण घालत नाहीत. मुख्य चुलीतील धग आतल्या वाटेने तिच्याकडे जाते. चुलीवर भाकरी भाजून होईपर्यंत वैलावरचे हुलगे किंवा तुरीची डाळ संथपणे रटरटत राहते. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या हेच जेथे जळण, तेथे ही काटकसर महत्त्वाची होती. भाकरी आटोपल्यावर उरलेल्या आरावरही भांडे ठेवून देत. हे सर्व ज्ञान स्त्रियांनी जतन केले आणि म्हणूनच बहुधा त्याची लेखी नोंद फारशी झाली नाही.

मांस अशा आचेवर ठेवले असता त्यातील चिवट संयोजी ऊतकांचे हळूहळू जिलेटिनात रूपांतर होते, त्यामुळे जून बकऱ्याचे मटणही मऊ पडते व रश्शास दाटपणा येतो. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसीन या द्रव्यामुळे असतो. ते बियांत नसून मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या भागात असते. ते पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळते. म्हणून रश्शावरील लाल तवंग किंवा तर्री ही सर्वांत जहाल असते.

जेथे मांस परवडत नसे तेथे दाटपणा येसराने आणला जाई. ज्वारी किंवा गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरे व गरम मसाला भाजून केलेले हे पीठ होय. येसराची आमटी हे मराठवाड्यातील लग्नाच्या पंगतींचे वैशिष्ट्य ठरले आहे. निजामी अंमलात (१७२४–१९४८) या भागात नहारी, हलीम यांसारखे रात्रभर शिजणारे पदार्थही परिचित झाले. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाराशी निगडित लंगरमधील डाळ ही मोठ्या भांड्यांतील सामुदायिक पाकाची आणखी एक परंपरा.

मिरचीच्या मूळ खंडातही तिचा असाच संयोग घडला. अमेरिकेतील टेक्सस राज्यात गोमांस व मिरची यांचे ‘चिली’ नावाचे कालवण रूढ झाले. अमेरिकेतच आयर्विंग नॅक्सन याने मंद आचेच्या विजेच्या भांड्याचे एकस्व १९४० मध्ये मिळविले. १९७१ पासून अशी भांडी ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी पोहोचली. वैलाचेच हे यंत्ररूप म्हणता येईल. मराठवाड्यात मात्र वेगळे वळण लागले: १९५९ पासून देशात तयार होऊ लागलेल्या प्रेशर कुकरने व पुढे गॅसच्या शेगडीने वैल मागे सारला. विजेच्या भांड्यात राजमा करावयाचा झाल्यास तो आधी भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळावा लागतो. नुसत्या मंद उष्णतेने त्यातील विषारी लेक्टिन नष्ट होत नाही.