संस्कृतीकरण : एका संकल्पनेची कुळकथा

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला 'संस्कृतीकरण' हा प्रश्न चुकत नाही. खालची मानली गेलेली जात मांस-मद्य सोडते, जानवे घालते, विधवाविवाह बंद करते आणि पिढी-दोन पिढ्यांनी वरच्या स्थानावर हक्क सांगते, ही ती प्रक्रिया. ती मांडणारे एम. एन. श्रीनिवास १९१६ साली म्हैसूरला जन्मले. १९७२ मध्ये ते दिल्ली सोडून बंगळुरूच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेत आले आणि १९९९ मध्ये याच शहरात वारले.

संकल्पनेचे माहेर मात्र मुंबई. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली श्रीनिवासांनी मुंबई विद्यापीठात कोडगूच्या कोडवा समाजाचा अभ्यास केला. पुढे ऑक्सफर्डमध्ये त्यावर नवे संस्कार झाले आणि १९५२ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. आधी त्यांच्या मनात 'ब्राह्मणीकरण' हा शब्द होता, पण तो अपुरा ठरला. अनुकरण नेहमी ब्राह्मणाचेच होते असे नाही. कुठे क्षत्रियाचे होते, कुठे वैश्याचे. गावात ज्याची जमीन आणि ज्याची माणसे जास्त, त्याच्याकडे बाकीचे पाहतात.

अनुकरणाचा मुद्दा त्याआधीही मांडला गेला होता. श्रीनिवासांच्या जन्माच्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी जातीबंद विवाहाची चाल ब्राह्मणांकडून इतरांत अनुकरणाने कशी पसरली, हे फ्रेंच विचारवंत तार्द यांचा आधार घेऊन सांगितले होते.

अनुकरण केले म्हणजे मान मिळतोच असे नाही. दक्षिणेतल्या विश्वकर्मा कारागिरांनी जानवे घातले, संस्कार स्वीकारले, स्वतःला ब्राह्मण म्हणवले. तरी इतरांनी ते मानले नाही, आणि हे उदाहरण खुद्द श्रीनिवासांनीच दिले आहे. आपल्याकडे पेशवाईत सोनारांनी ब्राह्मणी रीतीने धोतर नेसणे आणि 'नमस्कार' म्हणणे ब्राह्मणांना खपले नाही. १७७९ मध्ये मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांना 'नमस्कार' म्हणण्याची मनाई केली. साध्या अभिवादनासाठी सरकारी हुकूम निघावा, यावरून वरच्यांची पकड किती घट्ट होती ते कळते.

संस्कृतीकरणाने जातीची जागा बदलते, उतरंड बदलत नाही, हे श्रीनिवासांनी स्वतःच नोंदवले आहे. टीकाकारांचा रोखही तिथेच आहे: या प्रक्रियेत वरच्यांचे आचार 'उच्च' ठरतात, आणि खालच्या बाईला आधी असलेला पुनर्विवाहाचा हक्कही प्रतिष्ठेपायी जातो.

श्रीनिवासांचा संस्कृतीकरणावरचा गाजलेला निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. श्रीनिवासांनी उतरंडीत वर सरकण्याची रीत सांगितली, आंबेडकरांनी उतरंडच नाकारली. संस्कृतीकरण शिकवताना ही दुसरी वाटही शिकवली पाहिजे. नाहीतर धडा अर्धाच राहतो.