एक सेंटचं फुलपाखरू

देशी कीटकांची पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांचा एक साधा नियम असतो: ज्या देशाचं तिकीट, तिथलाच कीटक हवा. आज या नियमात बसणारं एक तिकीट बघू. सारावाक, ३ जानेवारी १९५०, किंमत १ सेंट. फुलपाखरू असलेलं जगातलं पहिलं तिकीट म्हणून संग्राहक ते ओळखतात.

सारावाक हा बोर्निओ बेटाचा वायव्य भाग. १८४१ मध्ये जेम्स ब्रूक नावाचा इंग्रज तिथला चक्क राजा झाला. १८५५ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने तिथल्या एका मोठ्या, काळ्या-हिरव्या फुलपाखराची शास्त्रीय नोंद केली आणि त्याला या राजाचं नाव दिलं: ब्रूकियाना.

पुढे तीन ब्रूक राजांनी मिळून शंभर वर्षं राज्य केलं. १९४६ मध्ये शेवटच्या राजाने सारावाक ब्रिटनच्या हवाली केलं. लोक भडकले. शेकडो शिक्षकांनी आणि सरकारी नोकरांनी राजीनामे दिले. ३ डिसेंबर १९४९ ला सिबूमध्ये रोस्ली धोबी या १७ वर्षांच्या मुलाने गव्हर्नर डंकन स्टुअर्टला भोसकलं. आठवड्याभरात गव्हर्नर गेला.

आणि महिना उलटताच हे तिकीट आलं! त्यावर ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज, आणि सोबत ज्यांचं राज्य गेलं त्या ब्रूक घराण्याच्या नावाचं फुलपाखरू. छपाई एकाच काळ्या रंगात, त्यामुळे पंखांवरचा तो झगझगीत हिरवा दिसतच नाही. २ मार्चला रोस्लीला फाशी झाली. तिकीट मात्र पत्रांवर चिकटत राहिलं.

१९६३ मध्ये सारावाक मलेशियात आलं. १९९६ मध्ये रोस्लीचे अवशेष तुरुंगातून हलवून सिबूमध्ये सरकारी इतमामाने पुन्हा दफन केले गेले. फुलपाखरू आज मलेशियाचं राष्ट्रीय फुलपाखरू आहे. नाव? अजूनही ब्रूकियाना. कोडमध्ये आपण एखादं नाव दोन सेकंदांत रिनेम करतो. प्राणिशास्त्रात राज्य बदललं म्हणून नाव बदलता येत नाही.

म्हणजे कीटक देशी, पण नाव परक्याचं आणि तिकिटावरचा राजाही परका. वसाहतीच्या काळातलं असं तिकीट हाताशी आलं, तर चित्र बघून झाल्यावर कीटकाचं नावही शोधा. ते कोणी दिलं, कोणाच्या मानासाठी दिलं, तिथून खरी गोष्ट सुरू होते.